बास म्हणजे पुरे नव्हे

‘रेगे’ म्हटले की मराठी माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कुठले? मालवणचे की वेंगुर्ल्याचे?’ ‘जमैकाचे,’ असे मी सांगितले की समोरचा क्षणभर थबकतो आणि कौतुकाने म्हणतो, ‘अरे वा! मुलगा तिकडे असतो वाटतं?’ रेगे हे एका बेटावरचे संगीत आहे, आडनाव नव्हे, हे गळी उतरवायला पाच मिनिटे जातात. त्या संगीताच्या एका प्रकाराला ‘डब’ म्हणतात, असे पुढे सांगावे, तर दाक्षिणात्य नट टीव्हीवर हिंदीतून डरकाळ्या फोडतात तो प्रकार, अशी समजूत होते. आणि ज्यांना व्युत्पत्तीचा नाद आहे ते, ‘डबघाई हा शब्द इथूनच निघाला असणार,’ असे बजावून चहाचा कप खाली ठेवतात.

या सर्वांना मी क्षमा केली आहे. माहीत नसणे हा काही गुन्हा नव्हे. माझे भांडण आहे ते जाणकारांशी. कुठली तबकडी कुठल्या साली कुणी काढली हे ज्यांना तोंडपाठ आहे, आणि तरीही ज्यांच्या घरातून वर्षानुवर्षे ‘धुम्’ असा साधा एक आवाज बाहेर पडलेला नाही, त्या मंडळींशी.

आधी बाजाराची हकिगत सांगतो. लोकांना वाटते, तबकड्यांचा जमाना गेला. कसला गेला! डबच्या नव्या तबकड्या आजही निघतात. सात इंची, दहा इंची, बारा इंची. खऱ्याखुऱ्या, सुई टेकवून वाजवायच्या. त्या काढणारे पुष्कळदा साउंड सिस्टिमवालेच असतात. ग्लासगोचे मुंगोज हाय-फाय, लीड्सचे आयरेशन स्टेपाज, फ्रान्सचे ओबीएफ, अशी ही घराणी. स्पीकरची खोकीही त्यांचीच, गाणीही त्यांचीच आणि तबकड्याही त्यांच्याच. एकेका तबकडीच्या बहुधा तीनशे प्रती निघतात, फार झाले तर पाचशे.

मराठी कवितासंग्रहाची आवृत्तीही साधारण एवढ्याचीच असते. फरक इतकाच, की आपल्या पाचशे प्रती संपायला पंधरा वर्षे लागतात, त्याही दीडदोनशे कवीने स्वतः सह्या करून वाटल्यावर. इकडे तीनशे प्रती पंधरा मिनिटांत खलास. मी घड्याळ लावून पाहिले आहे. रात्री जागत बसावे, विक्री सुरू झाली की पाकिटातून कार्ड काढावे, चष्मा लावून त्याचा सोळा आकडी नंबर टाकावा, आणि शेवटच्या आकड्यावर बोट जाते न जाते तोच ‘संपली’ अशी पाटी झळकावी. आमच्या लहानपणी सिनेमाच्या खिडकीवर ‘हाउसफुल्ल’चा बोर्ड लागायचा, तेव्हाही इतके अपमानास्पद वाटत नसे. कारण तिथे कोपऱ्यावर एक गृहस्थ दबक्या आवाजात ‘दस का बीस, दस का बीस’ म्हणत उभा असे, आणि त्याला निदान पोलिसाची भीती असे. हल्लीचा गृहस्थ पंधरा पौंडांची तबकडी दुसऱ्याच दिवशी पंचेचाळीस पौंडांना राजरोस मांडतो, वर लिहितो, ‘अजून उघडलेली नाही.’ जणू काही हा तिचा गुणच!

असे एक संग्राहक आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. माणूस सज्जन. सोसायटीच्या मीटिंगला वेळेवर येतात, पाण्याच्या टाकीवर चढून बघतात. त्यांच्या कपाटात सातशे तबकड्या आहेत. तबकडी कागदाच्या पाकिटात, पाकीट पुठ्ठ्यात, पुठ्ठा प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक कपाटात, कपाटाला कुलूप आणि कुलपाची किल्ली वहिनींना ठाऊक नसलेल्या जागी. एकदा मी सहज म्हटले, ‘एखादी लावा की.’ त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी त्यांना विम्याची पॉलिसी चालीवर म्हणून दाखवा म्हणालो होतो.

‘उघडली की किंमत पडते हो!’

‘मग ऐकता कशी?’

‘ऐकायला काय, फोनवर आहेच ना सगळं.’

फोनवर डब ऐकणे म्हणजे पुरणपोळीचा फोटो चाटण्यापैकी आहे. अहो, फोनच्या स्पीकरचा जीव तो केवढा! नखाएवढा. खर्जातला स्वर काढायचा तर बादलीभर हवा ढकलावी लागते, नखाने ती ढकलली जात नाही. त्यातून टिकटिक ऐकू येते, ठोका ऐकू येत नाही. आणि डबमध्ये टिकटिक ही फोडणी, ठोका ही आमटी. आपल्याकडे ‘बास’ म्हणजे ‘पुरे’. तिकडे बास म्हणजे मंद्र सप्तकात चालणारी ती जाड तार, आणि ती कधी पुरीच होत नाही. तो स्वर कानाने ऐकायचा नसतोच. तो आधी तळपायाला कळतो, मग पोटाला, आणि सर्वांत शेवटी, झालीच फुरसत तर, कानाला.

आता हे संगीत मुळात कशासाठी जन्माला आले ते सांगितल्याशिवाय माझा राग का, ते कळणार नाही. १९५० च्या दशकातल्या किंग्स्टन शहरात गरीब वस्त्यांमधल्या लोकांकडे ग्रामोफोन घ्यायला पैसे नव्हते. बँड बोलवावा तर तो श्रीमंतांच्या हॉटेलात. मग कुणीतरी एकाने ग्रामोफोन, अॅम्प्लिफायर आणि दोन माणसांना उचलावी लागतील अशी स्पीकरची खोकी जमवायची, अंगणात किंवा रस्त्याकडेला मांडायची, चार नाणी घेऊन लोकांना आत सोडायचे आणि रात्रभर तबकड्या वाजवायच्या. हीच साउंड सिस्टिम. हिशेब किती साधा पाहा. तबकडी एकाने घ्यायची, हजारांनी ऐकायची. आमच्या वाड्यात एकाच बिऱ्हाडात रेडिओ होता आणि क्रिकेटच्या सामन्याला अख्खा वाडा त्यांच्या ओसरीवर बसायचा, त्यातलाच हा प्रकार.

क्रिकेटवरून आठवले. त्या काळचा एक बडा साउंड सिस्टिमवाला म्हणजे क्लेमंट डॉड. त्याला सगळे ‘सर कॉक्सन’ म्हणत. हे नाव त्याला यॉर्कशायरच्या अॅलेक कॉक्सन या क्रिकेटपटूवरून पडले, कारण शाळेत असताना पोरगा बरा खेळायचा. त्याचा प्रतिस्पर्धी ड्यूक रीड. हा पूर्वी पोलिसात होता, पुढे दारूचे दुकान चालवी आणि कमरेला पिस्तूल लावून तबकड्या वाजवी. अशा माणसापुढे ‘जरा आवाज कमी करा’ म्हणायची कुणाची छाती होणार!

आता तिसऱ्या मजल्यावरचे आमचे गृहस्थ वादात नेहमी याच कॉक्सनचा दाखला देतात. म्हणतात, ‘दुर्मिळपणा ही तर या संगीताची परंपराच आहे. कॉक्सनसुद्धा तबकडी लपवायचा.’ खरे आहे. अमेरिकेतून आणलेल्या तबकडीवरचे नाव तो खरवडून टाकायचा, म्हणजे रीडला ती बाजारात शोधता येऊ नये. विलिस जॅक्सन नावाच्या सॅक्सोफोनवाल्याची ‘लेटर फॉर गेटर’ ही तबकडी त्याने अशीच नाव खरवडून ‘कॉक्सन हॉप’ म्हणून वाजवली आणि रीडला चांगले झुलवले.

पण माझे म्हणणे हेच आहे. कॉक्सनने लपवले काय? नाव. आवाज त्याने लपवला नाही. तो त्याने आठवड्यामागून आठवडे, अख्ख्या वस्तीला ऐकू जाईल असा भर चौकात वाजवला. आमचे संग्राहक बरोबर उलटे करतात. नाव चारचौघांत मिरवतात, फोटो काढून जगभर पाठवतात, आणि आवाज तेवढा कपाटात ठेवतात. याला परंपरा म्हणायचे, तर गावजेवण घालणारा आणि धान्य दाबून ठेवणारा या दोघांनाही अन्नदाते म्हणावे लागेल. शेवटी दोघांकडे पोती असतातच की!

डबची जन्मकथा ऐकाल तर हा अपराध अधिकच मोठा वाटेल. सांगतात ते असे. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउन गावचा रडी रेडवुड हा साउंड सिस्टिमवाला ड्यूक रीडच्या स्टुडिओत तबकडी कापून घ्यायला गेला. गाणे होते ‘द पॅरागॉन्स’ या मंडळींचे ‘ऑन द बीच’. तबकडी कापणाऱ्याकडून नजरचुकीने गायकाचा आवाज घालायचाच राहिला. आपल्याकडे असे झाले असते तर चौकशी समिती बसली असती. रेडवुडने ती तशीच नेली. आधी गाण्याची तबकडी वाजवली, मग ही बिनगाण्याची लावली. आणि समोरची सारी गर्दी मोकळ्या जागेत स्वतःच गाऊ लागली.

बस्स. त्यानंतर तबकडीच्या एका बाजूला गाणे आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणे गायकाविना, अशी रीतच पडली. या दुसऱ्या बाजूला ‘व्हर्शन’ म्हणतात. किंग टबी म्हणून एक होता, मूळचे नाव ऑसबर्न रडक. धंदा रेडिओदुरुस्तीचा आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळण्याचा. आपल्याकडे असा माणूस ‘उद्या या, पार्ट मिळाला नाही’ म्हणण्यात आयुष्य घालवतो. याने घरच्या घरी स्टुडिओ थाटला आणि चार पट्ट्यांच्या मिक्सरवर व्हर्शनची कलाच करून टाकली. गिटार काढायची, पियानो बुडवायचा, गायकाचा एखादा अर्धा शब्द वर येऊ द्यायचा आणि तो प्रतिध्वनीत सोडून द्यायचा, विहिरीत घागर पडावी तसा. उरतो फक्त ढोल आणि बास. बाकीची जागा रिकामी.

ही रिकामी जागा कुणासाठी? त्या रात्री समोर उभ्या असलेल्या माणसासाठी. टबीच्याच साउंड सिस्टिमवर यू-रॉय नावाचा तरुण माइक घेऊन त्या रिकाम्या जागेत बोलू लागला आणि १९७० साली त्याच्या तीन तबकड्यांनी जमैकाच्या यादीतले पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्यातल्या एका तबकडीच्या पायाशी ‘पॅरागॉन्स’चेच जुने गाणे होते! आपल्या भजनात बुवा ओळ अर्धी सोडतात आणि टाळकरी ती उचलतात, त्यातलेच हे. आता मला सांगा, बुवांनी सोडलेली ओळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीवर क्रमांक टाकून, कपाटात ठेवली तर त्या भजनाचे काय होईल?

वाटून घेण्याची ही खोड या लोकांच्या हाडात आहे. १९८१ साली कॅसिओ कंपनीने एमटी-४० नावाची छोटी पेटी काढली. तिच्यातले तयार ठेके हिरोको ओकुदा या जपानी तरुणीने बसवले होते. आपल्याकडच्या घरांतही अशा पेट्या आल्या आणि पोरांनी त्यांवर ‘हॅपी बर्थडे’ वाजवून पाहुण्यांचा छळ केला. जमैकात त्यातल्याच एका ठेक्यावर वेन स्मिथ आणि प्रिन्स जॅमी यांनी १९८५ साली ‘अंडर मी स्लेंग टेंग’ काढले. पुढे तोच ठेका घेऊन इतरांनी शेकड्यांनी गाणी केली. कुणी ‘माझा, माझा’ म्हणून कुलूप घातले नाही. त्याची काळी बाजूही होती, ती लपवत नाही. वाजवणाऱ्यांना पुष्कळदा दर गाण्यामागे एकदाच काय ती मजुरी मिळे, मानधनाचा वाटा पुढे कुणी विचारत नसे. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा व्हायला १९९३ साल उजाडले. म्हणूनच तर चीड येते. ज्याने बास वाजवला त्याला मूठभर पैसे, आणि ज्याने तबकडी न उघडता दुसऱ्या दिवशी विकली त्याला तीस पौंडांचा नफा! त्यातली एक पेनीही वाजवणाऱ्याकडे जात नाही, तबकडी काढणाऱ्याकडे जात नाही.

‘पण वाजवली तर झिजते ना!’ हा संग्राहकांचा शेवटचा बाण. झिजते, हजार वेळा झिजते. साउंड सिस्टिमवाले खास स्वतःपुरती जी तबकडी कापून घेतात, ती ‘डबप्लेट’, अॅल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर देऊन केलेली असते. थोड्या डझन वेळा वाजवली की तिचा आवाज उतरू लागतो. हे ठाऊक असूनही ती कापतात, वाजवतात आणि संपवतात. चंदन सहाणेवर झिजायला असते. न झिजलेले खोड देवापुढे ठेवून कुणाच्या कपाळाला गंध लागल्याचे मी ऐकलेले नाही. लंडनचा जाह शाका २०२३ साली वारला. तो जन्मभर एकाच टर्नटेबलवर वाजवत राहिला. एक बाजू संपली की सुई उचलायची, तबकडी उलटायची, तेवढा वेळ सगळे सभागृह थांबून राहायचे. इतक्या वर्षांत त्याच्या किती तबकड्या झिजल्या असतील! त्याचे काही बिघडले नाही. बिघडते ते फक्त बाजारभावाचे.

आता काही जण म्हणतील, तबकड्या काढणाऱ्यांनीच तीनशेऐवजी तीन हजार काढाव्यात. त्यांना मी दोष देणार नाही. ही माणसे स्वतःच्या खिशातले पैसे घालून कारखान्याच्या रांगेत उभी राहतात. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. मूळ तबकडी ज्यावर कापतात त्या चकत्या करणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, त्यातला हा एक. दुसरा जपानात. अशा धंद्यात तीनशे प्रती काढणे हीच छाती. माझी त्यांना विनंती एकच. संपली की पुन्हा काढा. पिवळी, जांभळी, ठिपक्यांची, क्रमांक घातलेली अशी नको, साधी काळीच काढा. दुसरी आवृत्ती निघणे ही मराठी लेखकाला आयुष्यातली सर्वांत गोड बातमी वाटते, तुम्हाला तिची लाज का वाटावी?

आणखी काही वाचकांच्या कपाळावर एव्हाना आठ्या पडल्या असतील. ‘म्हणजे आता विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या त्या भिंती तुम्हाला हव्यात तर!’ मुळीच नकोत. मीही याच देशात राहतो, माझ्याही खिडकीच्या काचा थरथरतात. पण दोन्हींत फरक आहे. मिरवणुकीतली भिंत एकदा ओरडू लागली की थांबतच नाही. साउंड सिस्टिमवाल्याचे सारे कसब काय काढून घ्यायचे, कधी गप्प बसायचे, यात आहे. जमैकात तर ‘डीजे’ म्हणजे तबकडीवर बोलणारा, तबकड्या निवडून लावणारा तो ‘सिलेक्टर’. आपल्याकडे नाव बोलणाऱ्याचे घेतले आणि निवडणाऱ्याला वगळले, मग दुसरे काय होणार! आणि आवाजाला कायद्याची वेसण तिकडेही आहे. आपले ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, त्यांचा कायदा १९९७ चा. रात्री दहा वाजता लाउडस्पीकर बंद करायला माझी ना नाही. माझी तक्रार सकाळी दहा वाजताही बंद असलेल्या कपाटाबद्दल आहे.

हे सारे पाहायला जमैकालाच जावे लागते असेही नाही. २०१६ साली गोव्यात ‘गोवा सनस्प्लॅश’ नावाचा रेगेचा उत्सव सुरू झाला आणि किनाऱ्यावरच्या वाळूत पाय रोवून लोकांनी बास ऐकला. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी ही गोष्ट सांगितली. ते हळहळले. म्हणाले, ‘वाळू? तबकड्यांवर ओरखडे पडले असतील हो!’

२०१८ साली युनेस्कोने जमैकाच्या रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. अमूर्त म्हणजे ज्याला हात लावता येत नाही. आमच्या संग्राहकांनी तो शब्द फारच मनावर घेतला. त्यांच्या कपाटातल्या वारशाला खरेच कुणाला हात लावता येत नाही.

तेव्हा सरकारला माझी एक सूचना आहे. आपल्याकडे १९५५ सालचा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. धान्य, खते, औषधे यांची साठेबाजी त्याखाली रोखता येते. त्यात एक ओळ वाढवावी, ‘तसेच बास.’ मग तपासणी अधिकाऱ्याने तिसऱ्या मजल्यावर जावे, कपाट उघडायला लावावे, प्लॅस्टिक फाडावे, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा ते बारा, सोसायटीच्या गच्चीवर एकेक तबकडी दोन्ही बाजूंनी वाजवायला लावावी. पहिल्या बाजूला गाणारा गाईल. दुसऱ्या बाजूला जागा रिकामी असेल, तिथे आम्ही बोलू. विषयांची वाण नाही. पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करता येईल.